बांधावरच्या काठ्या

हौसाबाई गोडदेवची. लग्न होऊन भाईंदरजवळच्या राई गावात आली तेव्हा फुटबॉल हा शब्दही तिच्या कानावरून गेलेला नव्हता. लग्नाच्या चौथ्या दिवशी नवरा घरात दिसेना, म्हणून तिनं भीतभीत सासूला विचारलं. सासू तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "गेला आसंल खाजणात, लाथा मारायला." कुणाला लाथा मारतो हा माणूस, आणि घरचे एवढे निवांत कसे? शेवटी शेजारची चंपा तिला हाताला धरून बांधावर घेऊन गेली. खाली खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतात, भात कापून मोकळ्या झालेल्या जमिनीवर वीस-बावीस दांडगे बापे एका चामड्याच्या भोपळ्यामागं धावत होते. तिचा नवरा धर्माजी तेवढा एका जागी उभा.

"हे का न्हाय धावत?" हौसाबाईनं विचारलं.

"तो बॅक हाय गो. त्यानं धावायचं नसतंय, अडवायचं असतंय."

हे मात्र तिला पटलं. तेव्हापासून तिनं एक सामना चुकवला नाही. पोटात विठू होता तेव्हाही बांधावर बसून ओरडली, आणि विठू झाल्यावर त्याला मांडीवर घेऊन ओरडली. गोलाला जाळं नव्हतं. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून यावर दरवर्षी दोन-तीन डोकी फुटायची. हौसाबाईनं कोळीवाड्यातून फाटकी मासळीची जाळी मागून आणली, तुकडे जोडले, आणि दोन्ही गोलांना पडदे विणून दिले. मग डोकी फुटायची थांबली. निदान त्या कारणानं तरी.

धर्माजीचं पोटापाण्याचं काम बांधाची राखण. राईच्या भातशेतीला खाडीच्या बाजूनं मातीचा लांबलचक बांध आहे. त्याला उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करणारी लाकडी दारं. उधाणाला खाडी फुगली की बांध कुठं पाझरतोय ते बघत फिरायचं, आणि पाझर दिसला की तिथं लाल चिंधी बांधलेली काठी रोवायची. ओल जिथून सुरू होते तिथं एक, जिथं संपते तिथं दुसरी. गावानं काठ्या बघायच्या आणि माती घेऊन धावायचं. धर्माजीचा बापही हेच करायचा, आजाही हेच.

खेळायचं वय सरल्यावर धर्माजी गावाच्या बॅक पोरांना शिकवायला लागला. फॉरवर्डना शिकवायला दुसरे होते. बॅकचा मास्तर धर्माजी. शिकवणं तरी कसलं, बांधाचंच. मैदानात काठ्या रोवायचा आणि म्हणायचा, "पाण्यापुढं छाती काढून उभं ऱ्हायचं न्हाय. पाणी बांध फोडतंय. तिरकं उभं ऱ्हायचं, पाण्याला आपल्याला हवी ती वाट दावायची." पोरं तिरकी उभी राहायची, समोरचा फॉरवर्ड आपसूक कडेला जायचा आणि तिथं अडकायचा. अकरा वर्षं राईच्या बॅकचं नाव उत्तनपर्यंत होतं. शेवटची तीन वर्षं तर खुद्द विठू मधला बॅक. मिठागरात टोपल्या उचलून खांदे असे झालेले, की दारातून आडवं व्हावं लागे.

आणि मग सत्तर सालची फायनल आली. डोंगरीची पोरं नवंच काही शिकून आली होती. चेंडू कुणी जवळ ठेवतच नव्हतं. याचा त्याला, त्याचा ह्याला. एकाला वाट दाखवावी तर दुसरा मधून घुसे. शेवटच्या पाव तासात तीन गोल झाले. तिसऱ्या गोलाला हौसाबाईनं विणलेलं जाळं फाटलं. तिनं ते घरी आणलं, पण पावसाळा सरेपर्यंत शिवायला घेतलं नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर, भात कापून झाल्यावर, गावदेवीच्या पारावर सभा भरली. बायका देवळाच्या मागच्या अंगाला. मंडळाला चेंडू आणि गंजिफ्रॉक देणारे जयकुमारशेट भाईंदरच्या बाजारातून मुद्दाम आले होते.

"देखो भाई, धर्माजीभाऊ अपना माणूस है," शेट म्हणाले. "लेकिन जमाना बदल गया. नवघर में एक रामनाथ है, रेल्वे की टीम में खेळला है. बॅक लोक को वो शिकवेल."

धाकू लगेच उभा राहिला. धाकू मुंबईच्या कारखान्यात जायचा, त्यानं तिथल्या कूपरेजच्या मैदानावर मोठे सामने पाहिले होते आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. "शेट बरोबर बोलतात. तिकडं आता माणसाला माणूस लावतात. प्रत्येक बॅकला आपला एक फॉरवर्ड. तो पाणी प्यायला गेला तर ह्यानं पण जायाचं. आपण अजून काठ्या रोवतोय!"

"आणि तुझा माणूस मुतायला गेला तर?" मागून महिपत टांगेवाला म्हणाला. पार हसला. महिपत धर्माजीचा लंगोटीयार.

"हस रं महिपतकाका. तीन गोल खाल्ले तेव्हा न्हाय हसलास."

"एका दिवसाच्या तीन गोलांपायी अकरा वर्षं इकतोस?"

"पाणी आता दोन वाटांनी येतंय. धर्माजीकाका एकच वाट बघतोय. खोटं बोलत आसंन तर सांग."

देवळामागं हौसाबाईला तेच झोंबलं. धाकू खोटं बोलत नव्हता.

हात वर झाले. रामनाथच्या बाजूनं जास्त. धर्माजी इतका वेळ खाली बघत होता. तो उठला, देवळाच्या पायरीला हात लावला आणि म्हणाला, "गावदेवीची शपथ. आजपासून त्या मैदानात माझा पाय न्हाय. आणि मी शिकवलेलं पुसून जो दुसऱ्याचं गिरवंल, त्याच्याशी माझं बोलणं न्हाय. मग तो कुणी असो."

सगळ्यांनी विठूकडं बघितलं. विठू उठून बापाच्या मागं जाईल असं वाटलं होतं. विठू बसून राहिला. कुणी म्हणालं गावाची टीम सोडायची नव्हती म्हणून, कुणी म्हणालं ते तीन गोल त्याच्या छातीवर बसले होते म्हणून. दोन्ही खरं असेल.

त्या दिवसापासून हौसाबाईच्या घरात दोन बापे आणि एक पोस्टमन राहायला लागला. पोस्टमन हौसाबाई.

"तुझ्या लेकाला सांग, कोयती जागेवर ठेवत जा म्हणावं."

"आये, बाला सांग, कोयती मी न्हाय घेतली."

दोघं एकाच ओटीवर, हाताच्या अंतरावर. पहिले काही दिवस ती निरोप इकडून तिकडे पोचवत राहिली. मग एकदा चिडून म्हणाली, "मी भाकरी थापू का तुमची डाक वाटू?" आणि गप्प बसली. पण मग घरात कुणीच बोलेना आणि ते ऐकवेना. पुन्हा तीच डाक सुरू झाली. पौष सरला. महिन्याचे दोन झाले, दोनाचे तीन होत आले.

रामनाथ मास्तर माणूस वाईट नव्हता. मूळचा रत्नागिरीकडचा, किडकिडीत, बोलायला मऊ. हौसाबाईनं जाळं शिवून दिलं तेव्हा त्यानं हात जोडले. पोरांकडून मरेस्तोवर धावून घेई. त्याच्या हाताखाली राई पहिल्या फेरीपासून एकही गोल न खाता फायनलला पोचली, आणि समोर पुन्हा डोंगरी. गावात रामनाथ-रामनाथ झालं. धर्माजी ते सगळं ऐके, विडी पेटवी आणि बांधाकडं निघून जाई.

फायनलच्या आदल्या आठवड्यात हौसाबाई चिंबोऱ्या विकून भाईंदरहून परत येत होती. महिपतच्या टांग्यात ती, रिकामी टोपली आणि धाकू.

"वयनी, काय बी म्हण," महिपत घोड्याशी बोलल्यासारखं म्हणाला, "डोंगरीनं दोन गोल मारावेत अशी माझी इच्छा हाय. म्हंजे ह्या धाकूचं थोबाड बघायला मिळंल."

"सोताचा गाव हरावा म्हणतोस? देवी बघते हाय."

"देवीला पण धर्माजी आवडतोय."

धाकू हसला नाही. तो हौसाबाईकडं वळून हळूच म्हणाला, "काकी, विठूनं तुला सांगितलं का? त्याला माझ्या कारखान्यात लावायचं बोलणं झालंय. तिकडं पोरांच्या खोलीत जागा पण हाय. फायनलच्या दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणतो."

हौसाबाईनं टोपली मांडीवर घट्ट धरली. "का?"

"म्हणतो, बा बोलत न्हाय त्या घरात दम कोंडतो. फायनलपर्यंत बोलला तर ऱ्हातो. न्हायतर पुन्हा यायचा न्हाय."

घरी येऊन बघते तर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरलेली. आत विठूचे दोन सदरे, एक लेंगा आणि चुलत्यानं दिलेली चादर. हौसाबाई ट्रंकेपुढं बसली. राई जिंकली तर गाव म्हणणार धर्माजीची अकरा वर्षं फुकट, आणि तो माणूस मग जन्मात तोंड उघडणार नाही. राई हरली तर विठू मान खाली घालून जाणार, आणि बापाला तोंड दाखवणार नाही. सगळं गाव दोहोंपैकी एक काहीतरी मागत होतं. देवीपुढं काय मागायचं हे कळत नव्हतं ती एकटी हौसाबाई.

आता एक सांगायचं राहिलं. राईत सामना नेहमी भांगेत ठेवत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती लहान असते. का, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. धर्माजीच तारीख सांगायचा आणि लोक हो म्हणायचे. ह्या वर्षी तारीख जयकुमारशेट आणि रामनाथनं ठरवली. शेट म्हणाले, "संडे रखो, पब्लिक आएगा," आणि कॅलेंडरावरचा लाल रविवार बघून मोकळे झाले. खालची बारीक तिथी दोघांपैकी कुणी वाचली नाही. आणि ज्यांना तिथी कळते त्या गावकऱ्यांना वाटलं, मास्तरनं बघितलंच असेल, शिकलेला आहे.

फायनलला मैदानाच्या चारी अंगांनी माणूस. भाईंदरहून टांगे भरभरून आले होते. चार वाजता सामना सुरू झाला. हौसाबाई आपल्या नेहमीच्या जागी, खाडीकडच्या गोलामागं, बांधाच्या पायथ्याशी बसली. ह्या बांधाची गंमत अशी की तो गोलामागून येतो, कोपऱ्यात वळतो आणि मैदानाच्या लांब कडेनं पुढं जातो. त्या कोपऱ्यापासून थोडं पुढं जुनी खांड आहे. कधीकाळी खाडीनं बांध तिथं फोडला होता. नंतर भरून काढला, पण तिथली माती कधी घट्ट झालीच नाही.

पहिल्या अर्ध्यात रामनाथचं शिकवणं बघण्यासारखं झालं. डोंगरीचा सगळ्यात चपळ पोरगा सेंटरला, आणि विठू त्याच्या सावलीसारखा. पोरगा वळला की विठू वळे. त्याला चेंडू मिळेचना. विसाव्या मिनिटाला राईनं गोल केला. धाकूनं टोपी हवेत उडवली ती महिपतच्या डोक्यावर पडली.

"घे महिपतकाका, आता काठी रोव!"

महिपतनं टोपी काढून तिच्यावर बूड टेकलं.

हौसाबाई ओरडली नाही. तिच्या पायाच्या बोटांना गार लागत होतं. तिनं खाली बघितलं. जमीन वरून पांढरी, कोरडी ठणठणीत. पण खेकड्याच्या एका बिळातून बुडबुडा आला. मग शेजारच्या बिळातून दुसरा. हौसाबाई दोन वर्ग शिकलेली, पण चिंबोऱ्या पकडणाऱ्या बाईला भरतीचं गणित बोटांच्या पेरांवर असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा गुरुवारी होऊन गेली होती... म्हणजे आज तीज. तिजेची भरती सव्वादोनला. आणि तिजेचं उधाण म्हणजे थोरलं. बांधाखालून पाणी झिरपून वर यायला दोन-अडीच तास लागतात. म्हणजे आता. ह्याच घटकेला.

आणि हाफ टाइमनंतर राईच्या बॅकना ह्याच बाजूला यायचं होतं. रामनाथनंच सांगितलं होतं, दुसऱ्या अर्ध्यात खाडीकडचा गोल आपला ठेवा, गोलीच्या डोळ्यांवर उन्ह येणार नाही. मुंबईच्या मैदानावर ते शहाणपणाचंच ठरलं असतं.

शिटी झाली तशी ती धावत रामनाथकडं गेली. पोरं लिंबू चोखत होती. विठूनं आईकडं बघितलं आणि मान फिरवली.

"मास्तर, तिकडं जमीन फसतेय. खालून पाणी येतंय."

रामनाथनं वाकून हातानं जमीन दाबली, पण ती इकडची, मधली. "कोरडी आहे की, हौसाबाई. आणि बाजू तर बदलावीच लागते. नियम आहे तो."

"बदला. पण पोरांना सांगा, ओलीत जाऊ नका म्हणून."

"ओल कुठून कुठपर्यंत आहे ते सांगा, मी पोरांना सांगतो."

हौसाबाईला ते सांगता येईना. वरून सगळं सारखंच पांढरं. ते सांगू शकेल असा सगळ्या राईत एकच माणूस होता.

ती बांध चढून गेली. धर्माजी उघाडीपाशी बसला होता. पाठ मैदानाकडं, तोंड खाडीकडं. हातात विडी, ती कधीची विझलेली. ओढायची आठवण राहिलेली नव्हती. गोल झाल्याची आरोळी त्यानं पाठीनं ऐकली असणार.

"बांध गळतोय," हौसाबाई म्हणाली.

"ठाव हाय. खांडीपाशी. दुपारधरनं."

"मग काठ्या कुठं हायत?"

काठ्या त्याच्या शेजारीच पडल्या होत्या. तीन, लाल चिंध्यांसकट. हौसाबाईनं त्या बघितल्या आणि तिला सगळं कळलं. दुपारपासून हा माणूस काठ्या घेऊन बसला होता आणि रोवत नव्हता.

"मैदानात जायचा न्हाय मी. शपथ हाय."

"कोण म्हणतंय जा? बांध तुमचाच हाय नं? गळती दिसली की काठी रोवणं हे तुमचं काम, तुमच्या बापाचं काम, आजाचं काम. त्याला बी शपथ घातली का देवीची?"

"लोक म्हणतील, धर्माजी मागच्या दारानं आला."

"लोक काय, जेवताना पण काहीतरी म्हणतातच. घरात ट्रंक उतरलीय. तुम्ही बघितली?"

धर्माजीनं विझलेली विडी खाडीत फेकली. बघितली होती.

"उद्या तो जाईल. जायचं तर जाऊ द्या. पण चिखलात रुतून, सगळ्या गावापुढं तोंडघशी पडून गेला तर ते तुमच्यानं बघवंल का? पाठ फिरवून बसलात तरी?"

खाली शिटी वाजली. दुसरा अर्धा सुरू झाला. धर्माजी तसाच बसून. हौसाबाई त्याच्याकडं बघत उभी. मग मैदानातून एक आवाज आला, लोकांनी एकदम श्वास आत ओढल्यासारखा. दोघंही वळले.

डोंगरीचा तो चपळ पोरगा कोपऱ्याकडं धावला होता, खांडीच्या अंगाला. विठू सावलीसारखा त्याच्या मागं, मास्तरनं शिकवल्याप्रमाणं. पोरगा हलका, तो वरच्या पापुद्र्यावरून निसटला. विठूचा पाय घोट्याच्या वर आत गेला. तो आडवा झाला. पोरानं चेंडू मधे सारला आणि दुसऱ्यानं हौसाबाईच्या जाळ्यात घातला. एक-एक.

विठू चिखलानं माखलेला उठला. डोंगरीकडून कुणीतरी ओरडलं, "अरे, बॅक नांगरतोय बघ!" सगळे हसले. राईचेही थोडे हसले.

हौसाबाईनं मागं बघितलं तर धर्माजी जागेवर नव्हता. काठ्या बगलेत मारून तो बांधावरून चालत होता. अनवाणी, एकेक पाऊल दाबून, अंगठ्यानं माती चाचपत. वळणापाशी थांबला. चार पावलं पुढं गेला, दोन मागं आला. एक काठी रोवली. मग खांडीच्या पुढं पंधरा-वीस पावलांवर दुसरी. लाल चिंध्या वाऱ्यावर फडफडल्या. मैदानाला पाय लागला नव्हता.

महिपतला पहिल्यांदा दिसलं. तो धाकूच्या टोपीवरून उठला. "अय धाकू. बघ."

"काठ्यांनी काय व्हायचंय आता?"

"गप बस. बघ नुसता."

विठूनं काठ्या बघितल्या. लहानपणापासून तो त्या काठ्या बघत आला होता. दोन काठ्यांच्या मधे काय असतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण तो हलला नाही. चेंडू पुन्हा त्याच बाजूला आला. "विठू, माणूस सोडू नको!" रामनाथ कडेवरून ओरडला. विठू दोन पावलं धावला आणि पहिल्या काठीच्या रेषेवर थांबला. तिरका. डोंगरीचा पोरगा चेंडू घेऊन त्याच्या बगलेनं आत गेला. रामनाथनं डोक्याला हात लावला. पण मऊ जमिनीत चेंडू तीन हातांवर जाऊन मेला, ओल्या भाकरीसारखा पडून राहिला. पोरगा पुढं गेला, चेंडू मागं. विठूनं कोरड्यावर उभं राहून पाय लांब केला आणि चेंडू काढून घेतला.

"काठ्यांच्या आत कुणी जायचं न्हाय!" तो बाकीच्या बॅकना ओरडला. "बाहेर आपापला माणूस धरा, मास्तर सांगतात तसा. आत गेला तर जाऊ द्या!"

बाहेर रामनाथ, आत धर्माजी. पुढची वीस मिनिटं असं चाललं. दोनदा, तीनदा डोंगरीचे खांडीकडं गेले आणि चेंडू चिखलाला देऊन आले. धाकू आणि महिपत दोघंही ओरडत होते, आणि कोण कुणाच्या बाजूनं ओरडतोय ते त्या दोघांनाच माहीत.

पण पाणी काही गप्प बसलेलं नव्हतं. ओल पसरत होती. धर्माजी बांधावर एका काठीकडून दुसरीकडं फेऱ्या मारत होता, दुसरी काठी उपटून पुढं रोवत होता. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा सगळी माणसं उठून बांधावर चढली. धर्माजी गर्दीत दिसेनासा झाला. काठ्याही दिसेनाशा झाल्या.

आणि नेमका तेव्हाच डोंगरीचा तो पोरगा चेंडू घेऊन निघाला. समोर विठू एकटा. विठूनं बांधाकडं बघितलं. नुसती डोकी, डोकी आणि डोकी. कोरडं कुठं संपतं ते कळेना. एक पाऊल चुकलं की कप गेला.

"बा!" विठू ओरडला. "बा, काठी कुठं हाय?"

बांधावरची सगळी डोकी धर्माजीकडं वळली. शपथ सगळ्यांनी ऐकलेली होती. हौसाबाईला गर्दीच्या फटीतून धर्माजीची फक्त मान दिसत होती. ती मान ताठ झाली. हौसाबाई ओठातल्या ओठात म्हणाली, देवी, तू जरा तिकडं बघ.

"मागं हो!" धर्माजीचा आवाज फाटला. तीन महिने न वापरलेला आवाज. "दोन पावलं मागं! डाव्या अंगाला दाब त्याला! डाव्या!"

विठू दोन पावलं मागं गेला, तिरका झाला. पोराला डावी वाट मोकळी दिसली, तो तिकडं घुसला, आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. चेंडू गोलीनं चालत येऊन उचलला.

सामना एक-एकवर सुटला. कप सहा महिने डोंगरीला, सहा महिने राईला असं ठरलं. म्हणजे कुणीच हरलं नाही, आणि वाद मिटला नाही. धाकू म्हणाला, मास्तरनं माणसं धरायला शिकवली म्हणून वाचलो. महिपत म्हणाला, त्या माणसांना उभं कुठं राहायचं ते कुणी सांगितलं? दोघं टांग्यापर्यंत भांडत गेले. पुढं वीस वर्षं भांडले.

रामनाथ मास्तर बांध चढून आला. चपला हातात. "धर्माजीकाका, तारीख ठरवताना माझं चुकलं. मला माहीतच नव्हतं. पुढच्या वर्षी तारीख तुम्ही सांगा. आणि मैदानात या."

"मैदानात न्हाय. शपथ हाय," धर्माजी म्हणाला. "बोलायची शपथ मोडली, तिचा नारळ बायको देवीपुढं फोडंल. दुसरी मोडायची न्हाय. तू खालून शिकव, मी वरनं सांगतो." आणि मरेपर्यंत तो बांधावरूनच शिकवत राहिला.

विठू बांधाखाली खाडीच्या अंगाला हातपाय धूत होता. धर्माजी बांधावरून उतरला आणि त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. तीन महिन्यांचं साठलेलं, सुरुवात कुठून करायची? शेवटी धर्माजी म्हणाला, "कोयती तूच घेतली होतीस."

"न्हाय घेतली बा."

"घेतली होतीस. मिठागरात ठेवून आलास."

"मी सांगतोय न्हाय म्हणून!"

हौसाबाई दोघांच्या मागून घरी चालली. वाटभर कोयतीवरून भांडण. तिनं मधे एक शब्द घातला नाही. डाकेचं काम सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकू विठूला न्यायला आला. विठू ओटीवर बसून बापाशी डाव्या बॅकवरून वाद घालत होता. जायचं की राहायचं ते न सांगताच उठून आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"आये, माझी ट्रंक?"

"कामाला लावलीय," हौसाबाई चुलीपाशी म्हणाली.

धाकूनं आत डोकावून बघितलं. सदरे दोरीवर टांगलेले. ट्रंक कोपऱ्यात, तोंडापर्यंत सुक्या बोंबिलांनी भरलेली. झाकण उघडलं तसा वास बाहेर आला आणि धाकू दोन पावलं मागं सरकला.

"काकी, आता ह्याच्यात कपडे कोण ठेवणार?"

"कुणी न्हाय," हौसाबाई म्हणाली. "बस. चाय घेऊन जा."